गुरुजींची टिंबं

"तुना बाबाना टिंबं पडी ऱ्हायनात, व माय. एकदा दखी जाय."

धुळ्यातल्या देवपूरहून, बाबांच्या गल्लीतल्या लताबाईंनी हे फोनवर सांगितलं, तेव्हा प्रज्ञा जळगावच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात एका हातानं पोळी लाटत होती आणि दुसऱ्या हातानं तीन वर्षांच्या समीक्षाच्या नाकातून हरभऱ्याची डाळ काढत होती. अशा वेळी माणसाला कुणाच्या टिंबांचं काही वाटत नाही. ती हसली आणि म्हणाली, "काकू, सत्तरीत लोकांचे दात पडतात. बाबांचे अनुस्वार पडले तर पडू द्या की."

लताबाईही हसल्या. डाळ निघाली. पोळी करपली. विषय संपला.

ही गोष्ट पोळ्याच्या आसपासची. आणि गंमत अशी, की प्रज्ञा ही काही सहजासहजी विषय संपवणारी बाई नव्हे. गॅसचं बटण ती तीनदा बघते, दाराची कडी दोनदा. समीक्षा सलग दहा मिनिटं गप्प बसली तर तिच्या कपाळाला हात लावते, आणि सलग दहा मिनिटं बडबडली तरी लावते. एम.ए. झालेली आहे, त्यामुळे तिची काळजीही अभ्यासपूर्ण असते. वर्तमानपत्रात आलेला प्रत्येक रोग ती आधी नवऱ्यात शोधते, मग मुलीत. फक्त बाबांत कधी शोधला नाही. कारण बाबा म्हणजे मोतीलाल गुरुजी. चाळीस वर्षं धुळ्यात मराठी शिकवलेला माणूस, आणि त्या चाळीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एक टिंब सुटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

गुरुजींच्या वर्गात अनुस्वार चुकला की अर्धा गुण जायचा. लताबाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. "कुडी फुलली" असं लिहिलं म्हणून त्या एक अख्खा तास अंगठे धरून उभ्या होत्या. फुलली होती ती दारातली कुंडी. लोक घरी लग्नपत्रिका द्यायला येत, आणि गुरुजी ती लाल शाईनं तपासून "उत्तम, पण पुढच्या मुलीच्या वेळी आधी दाखवा" असं म्हणून परत देत. प्रज्ञानं कॉलेजच्या वसतिगृहातून पहिल्याच आठवड्यात रडत रडत पत्र लिहिलं होतं, बाबा मला इथे करमत नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं. सोबत तिचं पत्रही परत आलं होतं, सात लाल खुणा करून. खाली शेरा : "मजकूर हृदयद्रावक. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे."

अशा माणसाची टिंबं पडतात म्हणजे काय?

निवृत्तीनंतर गुरुजी गल्लीतल्या लोकांचे अर्ज लिहून देऊ लागले. रेशनकार्डात नाव घालायचं, नळाला पाणी येत नाही, विजेचं मीटर उलटं फिरतं, विहारासमोरचा दिवा गेला. बदल्यात एक चहा, तोही त्यांच्याच घरी. आई गेल्यावर तर तो चहा करणं हेही अर्जदारांकडेच आलं होतं. मग प्रज्ञाच्या नवऱ्यानं, राजदीपनं, आपला जुना कम्प्युटर सासऱ्यांना दिला. कम्प्युटर म्हणण्यापेक्षा ते एक प्रेक्षणीय स्थळ होतं. लग्नाआधी गेम खेळण्यासाठी त्यानं त्यात एक ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं, दोन पंख्यांचं. त्या कार्डाबद्दल राजदीप अशा आवाजात बोलायचा, जसं लोक लग्नाआधीच्या एखाद्या मुलीबद्दल बोलतात. बायको म्हणून प्रज्ञानं ते कार्ड आनंदानं धुळ्याला रवाना केलं.

गुरुजी एका बोटानं टाइप करत, पण रुबाबात. मोबाइलला ते हात लावत नसत, बोलायला घरातला जुना फोन होता, निरोप मात्र कम्प्युटरवरूनच पाठवायचे. आणि दिवाळीनंतर एकदा तिला त्यांचा निरोप आला : "माझी चिता करू नकोस."

प्रज्ञाच्या हातातून झारा पडला. तिनं लगेच फोन केला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "चिंता, चिंता. वर टिंब दिलं होतं मी. हा स्क्रीन धुरकट झालाय बघ. अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी दिसतात. जावईबापूंना विचार, ते कार्ड की काय म्हणतात, ते गेलं असेल."

झालं. राजदीपच्या कार्डाचा अपमान झाला होता. त्या संध्याकाळी त्यानं फोनवरून तपासणी सुरू केली.

"बाबा, रिझोल्यूशन किती आहे ते सांगा."

"रिझोल्यूशन म्हणजे ठराव," गुरुजी म्हणाले. "कसला ठराव?"

"ठराव नाही हो. स्क्रीनवर उजवं बटण दाबा. खाली डिस्प्ले सेटिंग. तिथे आकडा असेल."

टिक, टिक, टिक. मग पलीकडून लताबाईंचा आवाज आला. त्या कुठल्याशा अर्जासाठी आल्या होत्या. त्यांनी आकडा वाचला. राजदीपनं कपाळावर हात मारला. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, उडालेला होता, आणि त्यामुळे एवढ्या मोठ्या मॉनिटरवर कम्प्युटर लहानशी जुनी प्रतिमा ताणून दाखवत होता. धुरकट दिसणारच. पाऊण तास खपून राजदीपनं लताबाईंच्या बोटांकरवी ते सगळं दुरुस्त केलं. बटणं दाबताना लताबाई म्हणत होत्या, "हाई दाबू? दाबं. काही फुटनं नही."

"आता कसं दिसतं, बाबा?"

"छान," गुरुजी म्हणाले. "ठराव मंजूर."

इथेच सगळ्यांची वाट चुकली. बिघाड खरा होता आणि तो सापडलाही होता. खरा बिघाड सापडला की दुसरा असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

जानेवारीत लीलाधरभाऊंचं प्रकरण झालं. लीलाधरभाऊ गुरुजींचे समोरचे. त्यांनी घरावर माडी चढवली आणि माडीवर पाण्याची टाकी बसवायला परवानगी मागायचं ठरवलं. अर्ज अर्थातच गुरुजींनी टाइप केला. कार्यालयात गेला. ते कार्यालय कोणतं हे सांगण्यात अर्थ नाही. तीन आठवड्यांनी शिक्क्यासह उत्तर आलं :

"आपण आपल्या मांडीवर एक हजार लिटर क्षमतेची टाकी बसविण्याची परवानगी मागितली आहे. सदर मांडीच्या भारवहन क्षमतेचा अभियंत्याचा दाखला जोडलेला नसल्याने अर्ज परत करण्यात येत आहे."

लीलाधरभाऊ तो कागद घेऊन गल्लीभर फिरले. "गुरुजी, माडी मन्ही शे, मांडी बी मन्ही शे. पन टाकी मांडीवर ठेवी तं मी उठू कसा?"

गल्ली आठवडाभर हसत होती. पोरं लीलाधरभाऊंना बघून मांडी थोपटत. हसले नाहीत ते एक गुरुजी. त्यांनी दोन दिवस दार लावून घेतलं. प्रज्ञानं फोन केला तर म्हणाले, "जिथे टिंब नको तिथे पडलं. माझ्या हातून. चाळीस वर्षांत…" आणि मग एकदम कडक आवाजात, "हे यंत्र सदोष आहे. जावईबापूंना सांग."

एरवी वर्षातून एकदा धुळ्याला जाणारी प्रज्ञा त्या रविवारी एस.टी.त बसली. पिशवीत नवी केबल, कडेला समीक्षा. एरंडोलपर्यंत समीक्षानं केबल गळ्यात घातली होती, पारोळ्यापर्यंत ती तिनं खिडकीतून बाहेर सोडायचा प्रयत्न केला. घरी पोचून प्रज्ञानं जुनी केबल काढली. तिच्या टोकाची एक पिन वाकलेली होती, आणि म्हणून प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे त्याची एक फिकट सावली पडत होती. नवी केबल लावली, सावल्या गेल्या. पुन्हा एकदा खरा बिघाड, पुन्हा एकदा खरी दुरुस्ती.

"आता?"

"आता झकास," गुरुजी म्हणाले आणि नातीला उचलायला वाकले. तिच्या डोक्याऐवजी शेजारच्या उशीवरून त्यांनी हात फिरवला, मग हसून म्हणाले, "कुठे पळाली चोर?" समीक्षा खिदळली. ती पळाली नव्हती. प्रज्ञानं ते पाहिलं. प्रज्ञा सगळं पाहते. पण तिला वाटलं, आजोबा नातीशी खेळताहेत.

पुढच्या निरोपात लिहिलेलं होतं : "समीक्षाचा खोंकला कसा आहे? तिला गरम पाणी दे. थड देऊ नकोस."

आता जळगावच्या इमारतीतले शेजारी मैदानात उतरले. वरच्या मजल्यावरचे एकजण म्हणाले, कार्डाला जळगावचं ऊन लागलेलं असणार. धुळ्याला गेलं तरी अंगातली गरमी जात नाही, कूलरसमोर ठेवा. दुसऱ्या एका बाईंनी डांबरगोळ्या सुचवल्या. तिसऱ्यांच्या भाच्याचा मॉनिटर असाच धुरकट झाला होता आणि शेवटी त्याचं लग्न मोडलं होतं. या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी सांगितला, पण प्रज्ञाला तो लागला नाही. एवढ्या सल्ल्यांत एकानंही विचारलं नाही, की समोर बसणाऱ्याचं काय. प्रज्ञानंही नाही.

मार्चमध्ये ती पुन्हा गेली आणि कम्प्युटरचा अख्खा डबा घेऊन आली. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे?" ती म्हणाली, "कम्प्युटर." तो म्हणाला, "मांडीवर घ्या." ती इतकी हसली, की कंडक्टर घाबरून पुढे गेला. मग धुळ्याबाहेर पडेपर्यंत तिला उगीचच रडू येत होतं. निघताना बाबा दारात उभे होते आणि त्यांनी हात हलवला होता, पण तिच्याकडे बघून नव्हे. दोन हात उजवीकडे, जिथे नुसती रिक्षा उभी होती. मान अवघडली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

जळगावात समाधान नावाचा दुरुस्तीवाला होता, नशिराबादचा, पन्नाशीचा, कम्प्युटरला "पेशंट" म्हणणारा. त्यानं कार्ड काढलं, त्यातून मूठभर धूळ आणि एक वाळलेली पाल काढली, आणि राजदीपला फोनवर सांगितलं, "साहेब, कार्ड घोड्यासारखं आहे." राजदीपचा आवाज भरून आला.

"मग धुरकट का दिसतं?" प्रज्ञानं विचारलं.

"अक्षरांची सेटिंग असते, ताई. मी चालू करून देतो. चार-पाच नमुने दाखवतं, त्यातला ज्याला जो स्पष्ट दिसतो तो त्यानं निवडायचा. गुरुजींना म्हणावं, परीक्षकासारखे निवडा."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती डबा घेऊन पुन्हा धुळ्यात. गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातलेला. नमुने आले. "पहिला… नाही. हा दुसरा. इथे तिसरा," असं म्हणत त्यांनी जराही न अडखळता पाच वेळा निवड केली. शेवटी स्क्रीनवर जी अक्षरं उमटली, ती केसाळ सुरवंटांसारखी दिसत होती. प्रज्ञाला वाटलं, असते एकेकाची आवड.

आणि मग मे महिना. समाधानच्या मेहुण्याची हळद देवपुरात होती. तो म्हणाला, "ताई, तुम्ही पण चला. मी स्वतः पेशंट बघतो. हा बिघाड माझ्या इज्जतीवर आलाय."

दुपारची वेळ होती. बाहेर रस्ता तव्यासारखा तापलेला. गुरुजींच्या बैठकीत समाधान जमिनीवर बसून तारा जोडत होता, लताबाई चहा घेऊन आल्या होत्या, लीलाधरभाऊ टाकीचा नवा अर्ज टाइप करून घ्यायला आले होते आणि आपली मांडी सांभाळून खुर्चीत बसले होते. समीक्षा गुरुजींच्या पायाशी. समाधाननं मॉनिटर चालू केला, लिहायचं कोरं पान उघडलं, आणि अक्षरं टाइप करण्याआधी नुसतं उजेड-रंग बघण्यासाठी सहज विचारलं :

"गुरुजी, आते कसं दखास?"

गुरुजी पुढे वाकले. चष्मा नाकावर चढवला. चेहऱ्यावर पांढरा उजेड पडला होता. ते म्हणाले, "वा. आता खरं. अक्षर न् अक्षर स्वच्छ."

समाधान हसायला लागला. "काय गुरुजी, थट्टा करता का गरिबाची? अजून तर काही…"

"वाचून दाखवू?" गुरुजी म्हणाले. त्यांना वाटलं असावं, की लीलाधरभाऊंचा अर्ज समोर आहे. बोट स्क्रीनवर ठेवून, ओळीमागून ओळ सरकवत, ते वाचू लागले. "प्रति, माननीय अधिकारी. विषय : राहत्या घराच्या माडीवर पाण्याची टाकी बसविण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, मी खाली सही करणार लीलाधर…"

एक शब्द चुकला नाही. जिथे टिंब हवं तिथे नाकातून नेमकं टिंब आलं, जिथे नको तिथे नाही. "माडीवर" म्हणताना तर ते क्षणभर थांबले आणि पुन्हा एकदा ठासून म्हणाले, "माडीवर."

पान कोरं होतं.

लीलाधरभाऊ आधी हसले, मग त्यांनी लताबाईंकडे पाहिलं आणि थांबले. समाधानच्या हातातला पेचकस तसाच राहिला. समीक्षा तेवढी बोलली, "आजोबा, कुथे आहे? काहीच नाही." गुरुजींचं बोट स्क्रीनवर थांबलं. अर्जाची सहीची जागा आली होती, तिथेच.

प्रज्ञानं जवळ जाऊन मॉनिटर बंद केला. गुरुजींनी बोट काढलं नाही. उजेड गेल्याचं त्यांना जरा उशिरा कळलं.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी बराच वेळ डोळ्यांत उजेड पाडून पाहिलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा काचबिंदू आहे. डावा गेला. उजव्यात थोडं उरलंय, ते औषधाच्या थेंबांनी राखता येईल. गेलं ते परत येत नाही."

"केव्हा कळायला हवं होतं?" प्रज्ञानं विचारलं. हा प्रश्न विचारू नये हे तिला विचारतानाच कळलं.

"आठ-नऊ महिने आधी आले असतात, तर उजवा बराच वाचला असता."

प्रज्ञानं बोटांवर मोजलं. पोळा, दसरा, दिवाळी. मोजायची गरज नव्हती. नाकातल्या डाळीसकट तिला तो दिवस आठवत होता.

बाहेर बाकावर गुरुजी ताठ बसले होते. म्हणाले, "नाव मोतीलाल. मोतीबिंदू यायला हवा होता. इथेही कारकुनानं चूक केली." ती हसली नाही, म्हणून त्यांनी आणखी एक प्रयत्न केला. "आयुष्यभर दुसऱ्यांना बिंदू देत आलो. हा एक माझा."

"बाबा, तुम्हाला कळत होतं ना?"

गुरुजी म्हणाले, "आधी नाही. आधी खरंच यंत्रच वाटलं. यंत्रात बिघाड निघतही होता ना." थोड्या वेळानं, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत, ज्याचा आता काही उपयोग नव्हता, "आणि तू येत होतीस. केबल घेऊन, डबा घेऊन. समीक्षाला घेऊन. चार महिन्यांत चार वेळा. यंत्र पुन्हा बिघडलंच नसतं, तर…"

वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. अपूर्ण वाक्याला ते पूर्वी अर्धा गुण कापायचे.

आता कम्प्युटर लताबाईंच्या हाती आहे. गुरुजी सांगतात, त्या टाइप करतात, गुरुजी म्हणतात, "वर टिंब," त्या म्हणतात, "दिधं." लीलाधरभाऊंची टाकी माडीवर बसली. प्रज्ञा बाबांना जळगावला चला म्हणाली, पण ते म्हणाले, गल्लीतले अर्ज कोण सांगेल? मग ती रोज सकाळ-संध्याकाळ फोन करते आणि विचारते, "टिंब टाकलं का?" म्हणजे डोळ्यांतला औषधाचा थेंब. लताबाई पलीकडून ओरडतात, "टाकं व माय, दोन्ही डोयास्मा!" डाव्यात टाकून उपयोग नाही, हे त्यांना सांगितलेलं आहे. तरी त्या टाकतात.

मागच्या आठवड्यात प्रज्ञानं स्वतः एक अर्ज लिहिला. गुरुजींना वाचून दाखवला नाही. तो असा :

प्रति,
हे वाचणारे सर्व.

विषय : एका माणसाची विचारपूस करणेबाबत.

महोदय / महोदया,

मी खाली सही करणार, राहणार जळगाव, अर्ज करते की, आपल्या ओळखीत एखादं एकटं राहणारं माणूस असेल. ते "सगळं ठीक आहे" म्हणत असेल. त्याच्या घरातलं एखादं यंत्र सारखं बिघडत असेल. टीव्ही धुरकट, घड्याळ पुसट, फोनचे आकडे लहान. आपण ते यंत्र दुरुस्त करून दिलं असेल आणि ते खरंच बिघडलेलंही असेल. तरी कृपया एकदा जाऊन यावं. "दिसतं का?" असं विचारू नये, कारण उत्तर "झकास" असंच येतं. हातात कोरा कागद द्यावा आणि म्हणावं, वाचून दाखवा.

या अर्जात चुका असतील. मी तो दोनदा तपासला आहे, पण लाल खुणा करून परत पाठवणारं आता कुणी नाही.

तरी विनंती, आजच जावं. कुणी फोनवर काही सांगत असेल तर आधी ते ऐकावं. पोळी करपली तर करपू द्यावी.

आपली नम्र,
प्रज्ञा